न्यायसहायक विज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची निवड : काही भाषिक कसोट्या

न्यायसहायक विज्ञानात एम्. एस्‌सी. करावयाचे तर कोठे करावे, हा प्रश्न अलीकडे विज्ञानशाखेचे पदवीधर आपल्या अध्यापकांना वारंवार विचारू लागले आहेत. त्याचे कारण उघड आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अंमलात आली. तिच्या कलम १७६ (३) अन्वये, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेस पात्र अशा गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे बंधन घालण्यात आले. ही तरतूद लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. २०२४ सालीच केंद्र शासनाने या क्षेत्रातील प्रयोगशाळा व शिक्षणसंस्था यांच्या विस्तारासाठी २२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तज्ज्ञांची गरज निर्माण झाली की तज्ज्ञ घडविण्याचे आश्वासन देणारे अभ्यासक्रमही निघू लागतात. तसे ते निघत आहेत, आणि त्यांतून निवड कशी करावी याविषयी विद्यार्थी गोंधळलेला आहे.

या विषयात भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने बोलावे, हा काहींना आगंतुकपणा वाटेल. तथापि त्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, विद्यार्थी जी निवड करतो ती बहुधा अभ्यासक्रम पाहून नव्हे, तर त्याचे माहितीपत्रक वाचून करतो. आणि मजकूर कसा वाचावा हे शिकविणे हे आमचे कामच आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. प्रयोगशाळेत जे काही घडते ते न्यायालयात पोहोचते ते वाक्याच्या रूपाने. परीक्षानळी वा यंत्रावरील आलेख साक्ष देत नाही. साक्ष देतो तो अहवाल, आणि अहवाल ही भाषिक कृती आहे. हे वाक्य लिहिण्याचे, तोलण्याचे आणि उलटतपासणीत सांभाळण्याचे शिक्षण ज्या अभ्यासक्रमात नाही, तो इतर दृष्टींनी कितीही सज्ज असला तरी अपुरा होय, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादावयाचे आहे.

निवडीचा प्रश्न किती गंभीर आहे हे ध्यानी यावे म्हणून गगनबावड्याचे उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्याचा हा तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला आहे. पूर्वेस कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर; पश्चिमेस करूळ व भुईबावडा हे दोन घाट सिंधुदुर्गात उतरतात. येथील पदवीधराला या विषयासाठी गाव सोडावेच लागते. कोल्हापूरवरून पुढे गेले तर मुंबई, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व नागपूर येथे शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. घाट उतरून दक्षिणेस गेले तर गोव्यात फोंड्याजवळ राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा परिसर आहे. या विद्यापीठाचे मूळ गुजरात शासनाने २००८ च्या कायद्याने गांधीनगर येथे स्थापलेल्या विद्यापीठात असून, २०२० च्या संसदीय कायद्याने त्याला राष्ट्रीय स्वरूप लाभले. याखेरीज ठिकठिकाणची खाजगी विद्यापीठे आहेतच. भातशेतीवर चालणाऱ्या घरातून दोन वर्षांचे शुल्क व वसतिगृहाचा खर्च एकदाच उभा राहतो. दुसऱ्यांदा उभा राहत नाही. म्हणून ही निवड जपून व्हावयास हवी.

प्रथम नावाचा विचार करू. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध रोमन नगरातील ज्या चौकात बाजार भरे व न्यायनिवाडेही होत त्या चौकाशी आहे. तेव्हा ‘चारचौघांसमोर, न्यायासनासमोर मांडावयाचे’ असा त्याचा मूळ भाव होय. भारतीय भाषांत त्याचे प्रतिशब्द भिन्न भिन्न अंगांनी घडले. उत्तरेकडील काही राज्यांत ‘विधि विज्ञान’ म्हणतात; त्यात कायद्यावर भर आहे. केंद्र शासनाच्या हिंदीत ‘न्यायालयिक विज्ञान’ रूढ आहे; त्यात स्थळावर भर आहे. मराठीत ‘न्यायवैद्यक’ हा शब्द वैद्यकापुरता जुना असून, व्यापक अर्थाने महाराष्ट्र शासनाने ‘न्यायसहायक’ हा शब्द स्वीकारला. या समासाचा विग्रह ‘न्यायास सहायक’ असा होतो, ‘तपासास सहायक’ असा होत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पोलिसांचा तर्क खरा ठरविणे हे या विज्ञानाचे काम नसून, तो खरा की खोटा हे सांगणे आणि सांगता येत नसल्यास तसे म्हणणे, हे त्याचे काम आहे. मराठी नावातच विषयाचे नीतिशास्त्र आले आहे. उलट, पुष्कळ माहितीपत्रकांचे मुखपृष्ठ पाहावे तर भिंग, बोटांचे ठसे, पिवळी फीत आणि ‘गुन्हेगार शोधा’ अशा अर्थाचे आवाहन. नाव न्यायाचे घ्यावयाचे आणि चित्र पाठलागाचे काढावयाचे, ही विसंगती विद्यार्थ्याने पहिल्या दृष्टिक्षेपातच टिपावी. माहितीपत्रकात आरोपी निर्दोष असण्याच्या शक्यतेचा एकदा तरी उल्लेख आहे काय, ही माझ्या मते पहिली कसोटी.

हे शास्त्र सर्वस्वी परके आहे असा समज मात्र करून घेऊ नये. त्याची यंत्रे परकी असतील. त्यामागील सावधपणा आपल्या जुन्या दप्तरात जागोजाग दिसतो. गगनबावडा हे पंत अमात्य बावडेकरांच्या जहागिरीचे ठाणे. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे मानले जाते आणि मराठी राज्यनीतीच्या अभ्यासात त्याचे स्थान सुपरिचित आहे. परंतु येथे मला अभिप्रेत आहे तो मराठ्यांच्या पत्रव्यवहारातील एक साधा प्रघात. पत्राचा मजकूर संपला की लगेच मोर्तब उठवीत. शेवटचा शब्द व मोर्तब यांत जागा नसल्यामुळे मागाहून कोणास एखादे वाक्य घुसडता येत नसे. कागदाचे बंद एकमेकांस चिकटवून लांब पत्र तयार करीत, तेव्हा सांध्यावरही खूण करीत, जेणेकरून मधला बंद काढून दुसरा बसविला तर ते उघडकीस यावे. शिवकालीन मोर्तबावरील ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. ही मजकुराची मर्यादा; यापुढे लेखकाचे म्हणणे नाही.

आजच्या प्रयोगशाळेतील मुद्देमालाची व्यवस्था या प्रघाताहून तत्त्वतः वेगळी नाही. घटनास्थळी पंचनामा होतो, वस्तू पंचांसमक्ष लाखेने सील होते, ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत चढते, शिपाई ती प्रयोगशाळेत पोहोचवितो, तेथे सील शाबूत असल्याची नोंद होते. ही हस्तांतरणाची साखळी एका ठिकाणी तुटली तर पुढील परीक्षण कितीही अचूक असले तरी संशयास्पद ठरते. सांध्यावरील खुणेला जितके महत्त्व होते तितकेच येथे प्रत्येक सहीला आहे. म्हणून अभ्यासक्रमात ही साखळी एखाद्या व्याख्यानापुरती सांगितली जाते, की विद्यार्थ्याकडून वर्षभर स्वतःच्या नमुन्यांची नोंदवही राखून घेतली जाते, हे विचारावे. ही दुसरी कसोटी.

आता मुख्य प्रतिपादनाकडे वळू. त्यासाठी पुण्यातील दोन खटले शेजारी ठेवून वाचावेत, असे मी सुचवितो. दोहोंतही विषाचा प्रश्न होता, दोहोंतही मृत स्त्रीच्या नावाची पत्रे होती, आणि दोन्ही खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

पहिला खटला अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. नोव्हेंबर १९५६ मध्ये पुण्याची एक मधुमेही विधवा आपल्या डॉक्टरासमवेत रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाली. पहाटे गाडी पोहोचली तेव्हा ती बेशुद्ध होती. डॉक्टराने तिला रुग्णालयात भिन्न नावाने दाखल केले व १३ नोव्हेंबर रोजी ती शुद्धीवर न येताच मरण पावली. त्यानंतर तिच्या नावाने नातेवाइकांस पत्रे गेली. आपण जोशी नावाच्या गृहस्थाशी विवाह करून राजस्थानात स्थायिक झालो आहोत, अशी वार्ता त्यांत होती. दरम्यान तिची मालमत्ता डॉक्टराच्या हाती गेली. रासायनिक विश्लेषकाला शवात कोणतेही विष आढळले नाही. तरीही विषप्रयोगाने खून केल्याबद्दल देहांताची शिक्षा झाली व सर्वोच्च न्यायालयाने ती डिसेंबर १९५९ मध्ये कायम केली. तीन न्यायमूर्तींपैकी न्या. हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निर्णय लिहिला; न्या. सरकार यांनी भिन्नमत नोंदविले.

दुसरा खटला शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जून १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. येथे पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाला याविषयी वाद नव्हता. वाद होता तो खून की आत्महत्या हा. मृत स्त्रीने बहीण व एक स्नेही यांना लिहिलेली पत्रे न्यायालयाने बारकाईने वाचली. खालच्या न्यायालयांनी दोषी ठरविलेल्या पतीस सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८४ मध्ये मुक्त केले, आणि परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच तत्त्वे त्या निर्णयात सांगितली, त्यांना न्यायालयानेच ‘पंचशील’ असे म्हटले. ही तत्त्वे आजही देशभरच्या न्यायालयांत उद्धृत होतात.

एका खटल्यात विष सापडले नाही आणि दोषसिद्धी झाली. दुसऱ्यात विष निश्चित होते आणि मुक्तता झाली. यांतून रसायनशास्त्र निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. निष्कर्ष असा आहे की, रासायनिक अहवाल हे खटल्याच्या दीर्घ परिच्छेदातील एक वाक्य असते आणि त्याचा अर्थ शेजारच्या वाक्यांवाचून लागत नाही. पहिल्या खटल्यात मृत्यूनंतरच्या तारखेची पत्रे हे ते शेजारचे वाक्य होते. ती पत्रे लबाडीची आहेत हे ठरविण्यास यंत्राची गरज नव्हती; मृत्यूचा दिनांक आणि पत्राचा दिनांक समोरासमोर ठेवण्याची गरज होती. दुसऱ्या खटल्यात पत्रांचे वाचन दोन अंगांनी संभवत होते, आणि जेथे दोन वाचने संभवतात तेथे आरोपीस अनुकूल वाचन स्वीकारावे, हा न्याय लागू झाला. ज्या अभ्यासक्रमात असे समग्र निकालपत्र आरंभापासून अखेरपर्यंत वाचून घेतले जात नाही, भिन्नमतासह वाचून घेतले जात नाही, तेथील पदवीधरास आपल्या वाक्याचे स्थान कळणार नाही. ही तिसरी कसोटी.

येथून अहवालाच्या भाषेकडे येऊ. ‘विष आढळले नाही’ आणि ‘विष नव्हते’ ही दोन विधाने सामान्य बोलण्यात एकमेकांऐवजी चालून जातात. शास्त्रात ती चालत नाहीत. ‘आढळणे’ या क्रियापदात आढळणाऱ्या वस्तूबरोबर ती ज्याला आढळते तो कर्ता अध्याहृत असतो: कोणाला, कोणत्या पद्धतीने, किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत शोधता. ‘नव्हते’ या रूपात हा शोधणारा पुरताच नाहीसा होतो व विधान वस्तुस्थितीविषयीचे बनते. लागू खटल्यातील विश्लेषकाचे म्हणणे पहिल्या प्रकारचे होते. ते दुसऱ्या प्रकारचे समजले गेले असते तर खटला तेथेच संपला असता.

तीच गोष्ट ‘जुळणे’ या क्रियापदाची. ‘ठसा जुळतो’, ‘अक्षर जुळते’, ‘केस जुळतात’ अशी वाक्ये तपासकथांत सर्रास येतात आणि ऐकणाऱ्यास दोन्ही वस्तू एकाच व्यक्तीच्या आहेत असे वाटते. परंतु विवाह ठरविताना आपण पत्रिका जुळल्या असे म्हणतो, तेव्हा छत्तीसपैकी अठरा गुण मिळाले तरी आपले समाधान होते. दोन्ही पत्रिका एकाच व्यक्तीच्या आहेत असे कोणी म्हणत नाही. जुळण्याला मर्यादा असते, ती कोणीतरी ठरविलेली असते, आणि ती न सांगता ‘जुळते’ म्हणणे म्हणजे अर्धे वाक्य बोलणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालाने नेमके याच दोषावर बोट ठेवले. ‘जुळते’, ‘सुसंगत आहे’, ‘सदृश आहे’ अशा अर्थाचे शब्द तज्ज्ञ वापरतात, पण त्यांच्या अर्थाविषयी त्यांच्यातच एकमत नाही, हे त्या अहवालाने दाखविले. २०१५ मध्ये त्या देशाच्या केंद्रीय तपाससंस्थेने सूक्ष्मदर्शकाने केलेल्या केसांच्या तुलनेविषयीच्या आपल्याच तज्ज्ञांच्या जुन्या साक्षी तपासल्या, तेव्हा तपासलेल्या नोंदींपैकी किमान ९० टक्क्यांत सदोष विधाने असल्याचे तिने मान्य केले. दोष सूक्ष्मदर्शकात नव्हता. दिसले त्याहून अधिक बोलण्यात तो होता.

मराठीला या बाबतीत एक सोय उपलब्ध आहे, जिचा उपयोग आपण करीत नाही. ‘आहे’, ‘असणार’, ‘असावा’, ‘असेल’ अशी निश्चयाची उतरती श्रेणी आपल्या क्रियारूपांत सिद्ध आहे. आणि ऐकीव गोष्टीसाठी ‘म्हणे’ हा स्वतंत्र शब्द आहे. ‘हे अक्षर त्याचे आहे’ आणि ‘हे अक्षर त्याचे असावे’ यांतील अंतर खेड्यातील निरक्षर साक्षीदारही अचूक जाणतो. तज्ज्ञाच्या अभिप्रायात मात्र हे अंतर अनेकदा पुसले जाते, कारण अहवाल बहुधा इंग्रजी साच्यात भरला जातो. दुसऱ्या बाजूस, १९९८ च्या शासकीय अधिसूचनेनुसार महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. म्हणजे ‘सी. ए. रिपोर्ट’ या नावाने ठाण्यात ओळखला जाणारा तो कागद इंग्रजीत येतो आणि त्यावरील प्रश्नोत्तरे मराठीत होतात. या दोहोंमध्ये जो भाषांतराचा सांधा आहे, तेथे खूण करणारे कोणी नाही. त्यात कायद्याची आणखी एक तरतूद लक्षात घ्यावी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ अन्वये विवक्षित शासकीय तज्ज्ञांचा अहवाल, तज्ज्ञास साक्षीस न बोलाविताही, पुराव्यात घेता येतो. न्यायालयास वाटल्यास बोलावता येते, हे खरे. पण न बोलाविल्यास तो कागद एकटाच बोलतो. त्यातील संदिग्ध शब्दाचा खुलासा करण्यास लेखक तेथे नसतो. म्हणून अहवाललेखन हा अभ्यासक्रमात गुण असलेला, तपासला जाणारा व पुन्हा लिहून घेतला जाणारा विषय आहे काय, आणि तोंडी साक्षीचा सराव उलटतपासणीसह, शक्यतो मराठीतूनही होतो काय, ही चौथी व माझ्या मते सर्वांत निर्णायक कसोटी.

पाचवी कसोटी आमच्या शास्त्राच्या सीमेवरील आहे. लिहिलेले वा बोललेले हाच जेथे पुरावा असतो तेथे भाषातज्ज्ञाचे काम काय? १९५० मध्ये इंग्लंडमध्ये टिमथी एव्हन्स यास फाशी देण्यात आली. १९६६ मध्ये त्यास मरणोत्तर क्षमा मिळाली. त्याच्या नावावरील पोलीस जबाबांचे विश्लेषण यान स्वार्टविक या भाषाशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. जबाबांतील वादग्रस्त भागाची वाक्यरचना उरलेल्या भागाहून निराळी आहे, असे त्याने दाखविले. या विश्लेषणापासून या शाखेची गणना होते. जबाब प्रथमपुरुषी असतो, पण लेखणी दुसऱ्याची असते. आपल्या ‘आज्ञापत्रा’तही बोलणारा छत्रपती व लिहिणारा अमात्य असे मानले जाते, तेथे ते राजनीतीचे वैभव ठरते. पोलीस जबाबात मात्र बोलणारा शेतमजूर आणि लिहिणारा हवालदार असतो, व ‘सदर इसम’, ‘नमूद ठिकाणी’ असे शब्द त्या मजुराच्या तोंडी पडतात. त्याने प्रत्यक्षात काय म्हटले हे त्या शब्दांखाली गाडले जाते.

स्थानिक बोलीचे ज्ञान येथे किती मोलाचे ठरते याचे एकच उदाहरण देतो. कोल्हापूर परिसरातील अनेक स्त्रिया स्वतःविषयी बोलताना ‘मी येतो’, ‘मी करतो’ अशी रूपे वापरतात. प्रमाण मराठीत ती पुरुषाची समजली जातात. या भागातून आलेल्या एखाद्या निनावी पत्रात ‘मी सांगतो’ असे आढळले, तर पुण्यामुंबईचा परीक्षक लेखक पुरुष आहे असे निःशंकपणे लिहून मोकळा होईल. गगनबावड्याचा पदवीधर तसे लिहिणार नाही, कारण त्याच्या घरात ती रूपे रोज ऐकू येतात. ज्याला ग्रामीणपणाची उणीव म्हणून तो लपवू पाहतो, ते येथे तज्ज्ञतेचे साधन आहे. तरीही या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत भाषेचे स्थान बहुधा हस्ताक्षरापुरते, फार तर ध्वनिमुद्रित आवाजाच्या ओळखीपुरते असते. अक्षराच्या वळणाची तपासणी होते. वाक्याच्या वळणाची होत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ ने १८७२ च्या जुन्या कलम ४५ मधील विषयांच्या यादीत ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ अशा आशयाची भर घालून दार उघडले आहे. त्या दारातून आत जाणारे कोणी विद्यापीठांनी तयार केले पाहिजेत. यात दोष एकट्या विज्ञानशाखांचा नाही. भाषाविभागांनीही या कामाकडे पाठ फिरविली आहे.

या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल. विद्यार्थ्यास नोकरी हवी असते. त्याला उपकरणांचा सराव हवा. भाषेच्या कसोट्या हा प्राध्यापकी हौसेचा प्रकार झाला. आक्षेपातील पहिला भाग मला मान्य आहे. म्हणूनच प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने माहितीपत्रकाइतक्याच काळजीने ‘सहायक रासायनिक विश्लेषक’, ‘वैज्ञानिक सहायक’ या पदांच्या पूर्वीच्या जाहिराती वाचाव्यात. त्यांत कोणत्या पदवीची, कोणत्या मूळ विषयाची अट आहे, हे पाहावे. ज्याला विषशास्त्रात जावयाचे आहे त्याने रसायनाचा पाया सोडू नये. ज्याला जनुकीय परीक्षणात जावयाचे आहे त्याने जीवशास्त्राचा सोडू नये. सर्व शाखांची तोंडओळख करून देणारा अभ्यासक्रम आणि एकाच शाखेत खोल नेणारा अभ्यासक्रम यांपैकी कोणता हवा, हे स्वतःच्या पदवीवरून ठरवावे. उपकरणांविषयीही विचारावे, परंतु संस्थेजवळ कोणते यंत्र आहे एवढे विचारून थांबू नये. त्या यंत्रावर प्रत्येक विद्यार्थ्यास किती तास स्वतः काम करावयास मिळते, आणि चाललेल्या प्रयोगशाळेत उमेदवारी किती आठवड्यांची आहे, हे विचारावे. कोल्हापुरातही प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. संस्थेचा अशा प्रयोगशाळांशी संबंध कागदावरचा आहे की कामाचा, हे दोन वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांस विचारले तर कळते.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मान्य करता येत नाही. यंत्र दहा वर्षांत जुने होते. ज्या यंत्रावर शिकला त्यावर तज्ज्ञ आयुष्यभर काम करीत नाही. जे वाक्य तो आयुष्यभर लिहिणार आहे ते मात्र त्याला याच दोन वर्षांत शिकावे लागते. शिवाय अहवाल लिहिता न येणाऱ्या परीक्षकाची किंमत तो स्वतः मोजीत नाही. ती मोजणारा पिंजऱ्यात उभा असतो.

आपल्या देशात या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण नवे नाही. सागर विद्यापीठात गुन्हाशास्त्र व न्यायसहायक विज्ञान यांचा विभाग १९५९ मध्येच सुरू झाला. लागू खटल्याचा अंतिम निर्णय लागला तेही हेच वर्ष. त्यानंतरच्या साठाहून अधिक वर्षांत यंत्रे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. अहवालाच्या वाक्याचे शिक्षण त्या मानाने फारच थोडे पुढे सरकले आहे. आज नव्या कायद्यामुळे तज्ज्ञांची मागणी वाढली असताना संख्येच्या घाईत हीच उणीव पुन्हा राहून जाण्याचा संभव आहे, व म्हणून तिचा उच्चार आताच करणे आवश्यक वाटले.

सारांश, विद्यार्थ्याने संस्थेस पाच प्रश्न विचारावेत. तुमच्या दृष्टीने हे विज्ञान न्यायाचे सहायक आहे की तपासाचे? पुराव्याच्या हस्तांतरणाची नोंद आम्ही स्वतः राखू काय? संपूर्ण निकालपत्रे आम्ही वाचू काय? आमचे अहवाल कोण तपासील, आणि आमची उलटतपासणी कोण घेईल? आमची भाषा व आमची बोली यांना या अभ्यासक्रमात काही स्थान आहे काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे जी संस्था देईल, ती लहान असली, तिच्या इमारती साध्या असल्या, तरी तिची निवड करण्यास हरकत नाही. जी संस्था उत्तराऐवजी पुन्हा माहितीपत्रकच हाती देईल, तिच्याविषयी ‘तेथे काही आढळले नाही’ एवढाच अभिप्राय विद्यार्थ्याने नोंदवावा व पुढे जावे. ‘तेथे काही नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला अद्याप आलेला नाही. आणि हा भेद ज्याला प्रवेशापूर्वीच कळला, त्याने या शास्त्राचा पहिला धडा घेतला असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.